एकाची चूक आणि शिक्षा सगळ्यांना: सैन्यात नव्याने गेलेल्या मुलांची शिस्त आणि सोबत्यांचा दबाव

आजरेकर_आत्या

माझा भाचा यंदा अग्निवीर म्हणून भरती झाला. तो चार वर्षांचा असताना माझी वहिनी गेली आणि तेव्हापासून त्याला मीच वाढवले. सेंटरला, म्हणजे प्रशिक्षण केंद्राला, जाऊन त्याला आता नऊ आठवडे झाले. मुलांचे फोन जमा केलेले असतात आणि रविवारी दुपारी थोड्या वेळासाठी हाती मिळतात, म्हणून माझा रविवार त्या फोनभोवतीच फिरतो.

गेल्या रविवारी तो नेहमीसारखा जेवणाबद्दल, धावण्याबद्दल बोलला आणि मग एकदम गप्प झाला. त्यांच्या प्लाटूनमध्ये (तुकडीमध्ये) मराठवाड्यातला एक मुलगा आहे. तो हळू आहे. बुटाच्या नाड्या, पट्टा, टोपी यांतले काहीतरी रोज राहून जाते आणि फॉल-इनला (रांगेत हजर होण्याला) तो शेवटी पोहोचतो. त्या दिवशी तो तिसऱ्यांदा उशिरा आला, तेव्हा उस्तादांनी (प्रशिक्षकांनी) त्याला एका बाजूला उभे करून बाकी सगळ्यांना रायफली डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या आणि नंतर खडीवर फ्रंट रोल घ्यायला लावले. रात्री दिवे गेल्यावर सहा-सात मुलांनी त्या मुलावर कांबळे टाकून त्याला मारले. याला तिथे ‘कंबल परेड’ म्हणतात, हे मला त्या फोनवर कळले.

माझा भाचा म्हणाला, “आत्या, मी हात लावला नाही. पण कांबळे माझे होते. मागितले, मी दिले.”

एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्यांना दिल्याने शिस्त येते, की मारण्याचे काम मुलांच्या हाती जाते, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. येथे फौजेत राहिलेली बरीच मंडळी आहेत. मला दिलासा नको, खरे काय ते सांगा.

निवृत्त_सुभेदार

ताई, मी 28 वर्षे पायदळात काढली आणि त्यांतली तीन वर्षे रिक्रूटांचा उस्ताद होतो. माझ्या रेजिमेंटचे नाव येथे लिहीत नाही. काही गोष्टी मोकळेपणाने सांगायच्या आहेत.

आधी सामूहिक शिक्षेमागचा विचार सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला ती निव्वळ क्रूरता वाटते. पायदळाचा सेक्शन दहा जणांचा असतो. रात्री पेट्रोलिंगवर निघालेल्या दहांपैकी एकाची पाण्याची बाटली नीट कसलेली नसेल, तर तिचा आवाज दहाही जणांचा जीव घेऊ शकतो. गोळी ‘चूक कोणाची’ असे विचारत नाही. गावातून आलेला साडेसतरा-अठरा वर्षांचा मुलगा तोवर स्वतःपुरते जगलेला असतो. शाळेत त्याची चूक त्याची आणि त्याचे मार्क त्याचे. ‘शेजारच्याचा बूट माझीही जबाबदारी आहे’ हे त्याच्या अंगात मुरवण्यासाठी सगळ्यांना एकत्र रगडा, म्हणजे अंगमेहनतीची शिक्षा, दिला जातो. अपेक्षा अशी असते की दुसऱ्या दिवशी पहाटे दोन मुले त्या हळू मुलाच्या खाटेपाशी जातील आणि त्याच्या नाड्या बांधून देतील.

असे होताना मी अनेकदा पाहिले आहे. तुमच्या भाच्याच्या बॅरेकमध्ये झाले तेही पाहिले आहे. त्याबद्दल थोडा विचार करून लिहितो.

प्रश्नचिन्ह

सुभेदारसाहेब, आदराने विचारते. चूक करणाऱ्याला बाजूला उभे करून इतरांना त्याच्यासमोर रगडले, तर दहा जण एक कसे होतील? तिथे नऊ आणि एक अशी फाळणी तर उस्तादांनीच करून दिली.

दोरखंड

आत्या, तो हळू मुलगा मी होतो. साल वेगळे आणि सेंटर वेगळे, एवढाच फरक.

माझी अडचण दोरीची होती. उभ्या दोरीवर चढताना सगळे बळ हातांचे असते असे नव्या मुलाला वाटते आणि तिथेच तो फसतो. दोरी उजव्या पायाच्या बाहेरून आणून तळव्याखाली घ्यायची, डाव्या बुटाने वरून दाबायची, पाय सरळ करून अंग वर ढकलायचे आणि मग हात वर सरकवायचे. हे मला पाच आठवडे साधले नाही. मी हातांनी लटकत राहायचो, अर्ध्यावर मुठी उघडायच्या आणि घसरताना तळहाताची कातडी दोरीला लागून राहायची. खाली उतरलो की दोरीवर माझ्या रक्ताचे डाग दिसत आणि माझ्यामागचा मुलगा ते पँटला हात पुसून दाखवी. माझ्यामुळे प्लाटूनला दोन वेळा रात्रीच्या जेवणाआधी रगडा मिळाला.

मला मारले नाही. माझ्याशी बोलणे बंद केले. लंगरमध्ये मी बसलो की बाकावरचे सगळे ताट उचलून पलीकडे जात. पहाटे माझ्या बुटांत पाणी असे. मार एका रात्रीत संपला असता असे मला तेव्हा वाटे. आज तसे म्हणणार नाही, पण त्या वयात खरोखर वाटे. मी दोन वेळा कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो होतो.

सुटका झाली ती माझ्या बडीमुळे, म्हणजे जोडीच्या सोबत्यामुळे. तो उस्मानाबादकडचा, घरी शेतमजुरी करणारा, बोलायला अगदी कमी. एका पहाटे साडेतीनला त्याने माझा अंगठा हलवून मला उठवले आणि दोरीपाशी नेले. अंधारात खाली बसून त्याने स्वतःच्या हातांनी माझे दोन्ही बूट दोरीवर बसवले आणि म्हणाला, “आता उभा राहा, नुसता उभा राहा.” मी उभा राहिलो आणि दीड हात वर गेलो. असे अकरा दिवस चालले. रात्री तो माझ्या तळहातांना खोबरेल तेल लावायचा. बाराव्या दिवशी मी वरच्या आडव्या लाकडाला हात लावला, तेव्हा खाली टाळी वाजवणारा तो एकटाच होता.

तो कोणत्या रगड्यामुळे तसा झाला नव्हता. तो घरूनच तसा आला होता. म्हणून सामूहिक शिक्षेतून जिव्हाळा तयार होतो, हे सुभेदारसाहेबांचे म्हणणे मला अर्धेच पटते.

बेळगावकर

मी बेळगावात कॅम्प भागाजवळ राहतो. मराठा लाईट इन्फंट्रीचे सेंटर 1922 पासून आमच्या गावात आहे आणि पहाटे धावणाऱ्या रिक्रूटांची लय ऐकत आमच्या तीन पिढ्या उठल्या आहेत. रांगेच्या शेवटी एखादा मुलगा मागे पडलेला असतो आणि दोघे त्याच्या दोन्ही दंडांना धरून त्याला ओढत असतात, हे मी लहानपणापासून पाहतो. ते दृश्य पाहून माझे डोळे भरून येतात. सोबत्यांचा दबाव म्हटले की आपल्याला फक्त कांबळे दिसते. हे दंडाला धरणारे हातही दबावच आहेत आणि त्यांच्याशिवाय तो मुलगा रस्त्यात बसला असता.

याच रेजिमेंटचे नामदेव जाधव नगर जिल्ह्यातले. 9 एप्रिल 1945 रोजी इटलीत सेनिओ नदीवर त्यांची तुकडी जवळजवळ कापली गेली. त्यांनी दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक उचलून, खोल पाण्यातून, उभ्या काठावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले आणि मग परत फिरून शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पहिल्याला पोहोचवल्यावर दुसऱ्यासाठी परत जाण्याची गरज त्यांना का वाटली असेल, याचा विचार मी नेहमी करतो. हे नाते सेंटरमध्येच रुजते. शिस्त सैल केली तर ते रुजणार नाही, अशी मला मनापासून भीती वाटते.

प्रश्नचिन्ह

बेळगावकर, जखमी सोबत्याला पाठीवर घेणारा माणूस आणि झोपलेल्या सोबत्यावर कांबळे टाकणारा माणूस एकाच मुशीतून घडतो, हे मी मान्य करू शकत नाही. शिस्त सैल करा असे येथे अजून कोणी म्हटलेलेही नाही.

वकील_सातारकर

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण ‘फौजेत असेच चालते’ हे वाक्य या विषयात फार वेळा ऐकू येते.

सैन्य अधिनियम, 1950 च्या कलम 47 नुसार अधिकारी, सुभेदार किंवा हवालदार-नाईक यांच्यापैकी कोणीही आपल्या हाताखालच्या माणसावर बळाचा गुन्हेगारी वापर केला किंवा त्याचा छळ केला, तर कोर्ट मार्शलमध्ये दोषी ठरल्यावर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम 80 मध्ये कमांडिंग ऑफिसर जवानाला थेट कोणत्या शिक्षा देऊ शकतो हे लिहिलेले आहे: 28 दिवसांपर्यंत कैद किंवा अटक, लाईन सोडून जायला तेवढीच बंदी, जादा पहारे, ताकीद, पगारातून दंड वगैरे. त्या यादीत मारहाण कुठेही नाही. मुलांनी मुलाला मारले तर तोही गुन्हाच आहे, कारण कलम 69 मुळे सर्वसाधारण फौजदारी गुन्हेही सैनिकी न्यायालयापुढे चालू शकतात. वरिष्ठाकडून अन्याय झाला असे वाटणाऱ्या जवानाला कलम 26 ने आपल्या कंपनी कमांडरकडे दाद मागण्याचा हक्क दिला आहे.

कायदा आहे. तो वापरणाऱ्या मुलाचे त्या रात्री बॅरेकमध्ये काय होईल, याचे उत्तर मात्र कोणत्याही कलमात नाही, आणि आत्यांच्या भाच्यासमोरचा खरा पेच तोच आहे.

फिजिओ_सांगली

दबावाचा एक प्रकार येथे अजून आलेला नाही. माझ्याकडे भरतीची तयारी करणारी आणि सेंटरमधून सुट्टीवर आलेली मुले येतात. नडगीचे दुखणे घेऊन येणाऱ्या दहा मुलांना मी ‘कधीपासून?’ असे विचारले, तर बहुतेकांचे उत्तर ‘दोन महिन्यांपासून’ असे असते. दोन महिने ती मुले दुखणाऱ्या पायावर धावत असतात. ‘सिक रिपोर्ट’ केले, म्हणजे आजारी असल्याचे कळवले, की सोबती कामचोर म्हणतील आणि प्रशिक्षणात मागे पडून पुढच्या बॅचमध्ये ढकलले जाऊ, ही धास्ती असते. काहींच्या नडगीच्या हाडाला बारीक चीर पडलेली असते. सुरुवातीला विश्रांती घेतली तर काही आठवड्यांत जे भरून येते, ते दडवल्यामुळे हाड पूर्ण तुटण्यापर्यंत जाऊ शकते.

याची सुरुवात सेंटरच्याही आधी, आपल्या गावच्या रस्त्यांवर होते. 1600 मीटर साडेपाच मिनिटांत संपवायचे, या एका आकड्याभोवती सांगली-कोल्हापूर-सातारा पट्ट्यातल्या मुलांची दोन-तीन वर्षे जातात. पहाटे चारला रस्त्यावर धावणाऱ्या टोळीत जो थांबतो, त्याच्यासाठी कोणी थांबत नाही. ‘दुखते’ म्हणणे म्हणजे हरणे, हे ती मुले तिथेच शिकतात आणि तेच घेऊन आत जातात. उस्तादांना दोष देण्याआधी आपण आपल्या भरती अकॅडम्यांकडेही पाहायला हवे.

भटक्या_वाचक

आज्ञापालनाची आणि सोबत्यांबरोबर राहण्याची सवय किती खोल जाते, याचे एक उदाहरण मला विसरता येत नाही. 8 एप्रिल 1956 च्या रात्री अमेरिकेत पॅरिस आयलंड येथील मरीन प्रशिक्षण तळावर एका प्रशिक्षकाने, पलटण ढिली झाली आहे म्हणून तिला शिस्त लावायला, अंधारात रिबन क्रीक नावाच्या खाडीच्या पाण्यात नेले. तो स्वतः पुढे होता. मुलांपैकी काहींना पोहता येत नव्हते. पुढचा उतरला म्हणून मागचा उतरला, पाणी छातीपर्यंत आले तरी रांग चालत राहिली आणि सहा मुले बुडाली. त्यानंतर तिथल्या प्रशिक्षकांवर देखरेख ठेवण्यासाठी अधिकारी वाढवण्यात आले आणि मुलांना कसे वागवायचे याचे नियम कडक झाले.

त्या सहा जणांपैकी कोणालाही ‘मला पोहता येत नाही’ असे ओरडून सांगता आले नसेल का, हा प्रश्न मला छळतो. सोबत्यांसमोर भित्रा ठरण्याची भीती बुडण्याच्या भीतीपेक्षा मोठी असू शकते, आणि आत्यांच्या भाच्याने कांबळे का दिले याचे उत्तरही मला त्यातच दिसते.

अग्निवीराचा_बाप

माझा मुलगा दुसऱ्या वर्षात आहे. अग्निपथ योजना जून 2022 मध्ये आली आणि तिच्यात चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के मुलांना कायम केले जाते, हे सर्वांना माहीत आहे. पूर्वी बॅरेकमधला शेजारी हा पंधरा-वीस वर्षांचा सोबती असे. आता तो सोबतीही आहे आणि त्याच जागेचा उमेदवारही. दोरीवर शेजाऱ्याचे बूट बसवून देणारा दोरखंड यांचा बडी आज तेच करील का, असा विचार मनात येतो. मुलगा म्हणतो, “बाबा, करतात, पण मोजून करतात.” हे त्याचे शब्द मला बोचले.

चंदगडचा_माजी_जवान

मला सर्वांचे म्हणणे समजते, तरी एक सांगतो. सियाचीनला किंवा पूँछला पोस्टवर गेल्यावर कोणी नाड्या बांधून देत नाही. ज्याला फॉल-इनला वेळेवर येता येत नाही, त्याला तिथे नेणे हा त्याच्यावरही अन्याय आहे आणि इतरांवरही. मुलांचा राग चुकीच्या मार्गाने बाहेर आला. राग चुकीचा नव्हता. त्यांच्याही गुडघ्यांची सालटी निघाली होती.

दोरखंड

दादा, तुमचे पहिले म्हणणे मला मान्य आहे. मला जमले नसते तर मला घरी पाठवायलाच हवे होते. ते ठरवण्यासाठी कंपनी कमांडर होते, चाचणी होती, वेळ मोजायचे घड्याळ होते. माझ्या बुटांत पाणी ओतणाऱ्यांना तो अधिकार कोणी दिला नव्हता, आणि पाणी ओतल्याने दोरी चढता येत नाही.

निवृत्त_सुभेदार

दोन दिवस थांबून लिहितो आहे. प्रश्नचिन्ह यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे होते. लिहायला वेळ लागला.

उस्ताद म्हणून माझे पहिले वर्ष होते. एका मुलाने कोतमध्ये (शस्त्रागारात) रायफल तेल न लावता जमा केली. मी रोल कॉलनंतर (रात्रीच्या हजेरीनंतर) सगळ्या प्लाटूनला पाऊण तास रगडले, “आता तुमचे तुम्ही बघा” म्हणालो आणि माझ्या क्वार्टरला निघून गेलो. पहाटे तो मुलगा फॉल-इनला आला तेव्हा त्याची एक बाजू सुजलेली होती. मी विचारले. तो म्हणाला, “साहेब, पायऱ्यांवरून पडलो.” प्लाटूनमधला प्रत्येक जण समोर बघत होता. आमच्या बॅरेकला पायऱ्या नव्हत्या.

“आता तुमचे तुम्ही बघा” हे वाक्य तेव्हा सगळेच उस्ताद वापरत. त्या सकाळी मला त्याचा अर्थ कळला. मी माझे काम अठरा वर्षांच्या मुलांवर टाकून झोपायला गेलो होतो. त्यांच्या अंगात थकवा होता, मनात राग होता, हातात अंधार होता आणि त्यांना माझी परवानगी होती. मारणारे हात त्यांचे असले तरी तो हुकूम माझाच होता.

त्यानंतर मी तीन गोष्टी बदलल्या. रोल कॉलनंतर सामूहिक रगडा कधीही दिला नाही. जे असेल ते दिवसाउजेडी आणि लगेच. प्लाटूनला पिठ्ठू (सामानाची पिशवी) पाठीवर घेऊन पळवले तर मीही पिठ्ठू घेऊन पळालो, आणि चुकलेला मुलगा बाजूला उभा न राहता माझ्या शेजारी पळाला. शिवाय शिक्षा झालेल्या रात्री मी बॅरेकमध्ये त्या मुलाच्या खाटेवर बसून चहा प्यायचो. काही बोलायचो नाही, नुसता बसायचो. उस्ताद या मुलाला टाकत नाही, एवढे सगळ्यांना दिसले की पुरे होई.

माझ्या प्लाटूनची ड्रिल त्यामुळे बिघडली नाही. सामूहिक शिक्षेची बाजू मी आजही सोडत नाही, पण ती देणाऱ्याने शेवटपर्यंत तिथे हजर असले पाहिजे. ज्याला थांबायचे नाही, त्याने ती देऊ नये.

बेळगावकर

सुभेदारसाहेब, तुमचा प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला. मी वर मांडलेली भीती आता तशीच्या तशी राहिलेली नाही.

वकील_सातारकर

आत्या, भाच्याशी पुन्हा बोलणे झाले का? त्या मुलाला वैद्यकीय तपासणीला नेले होते का, हे कळणे महत्त्वाचे आहे.

आजरेकर_आत्या

काल रविवार होता. आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार मानते. त्या मुलाला एमआय रूमला, म्हणजे तिथल्या दवाखान्यात, नेले होते. बरगडीला मुका मार आहे आणि एक आठवड्याची विश्रांती दिली आहे. तिथे त्याने काय सांगितले ते माझ्या भाच्याला माहीत नाही.

मी सुभेदारसाहेबांचे लिहिणे त्याला जसेच्या तसे वाचून दाखवले. मग विचारले, “पुन्हा कोणी कांबळे मागितले तर?” तो बराच वेळ काही बोलला नाही. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता. मग म्हणाला, “आत्या, मागणारा माझा बडी आहे. मी पहिल्या आठवड्यात रडायचो तेव्हा माझे कपडे तोच धुवायचा.”

यावर मला काही सुचले नाही. आणखी एक अडचण आहे. मुलांना सोडायला गेलो होतो तेव्हा मिरज स्टेशनवर त्या मुलाच्या आईची आणि माझी ओळख झाली होती. तिचा नंबर माझ्याकडे आहे. तिला फोन करावा का? मुलाने घरी सांगितले नसेल, तर मी सांगणे योग्य होईल का?

निवृत्त_सुभेदार

ताई, बडीला नाही म्हणायचे असेल तर ते चारचौघांत म्हणू नये आणि रात्रीही म्हणू नये. दुपारी दोघे बूट पॉलिश करत बसतात तेव्हा म्हणावे. “तू माझे कपडे धुतलेस, आता त्याच्या नाड्यांचे आपण दोघे बघू” एवढेच. ज्याने रडणाऱ्या मुलाचे कपडे धुतले तो मुलगा वाईट नाही. त्याला उस्तादांनी चुकीच्या बाजूला उभे केले आहे.

आणि भाच्याला सांगा की पुन्हा तसे झालेच, तर थेट सीनियर जेसीओंच्या (सुभेदार दर्जाच्या वरिष्ठांच्या) कानावर घालावे. त्याला चुगली म्हणतील, म्हणू द्यावे.

दोरखंड

आत्या, तिला फोन करा. पण माराचे सांगू नका. ते सांगायचे की नाही हे त्या मुलाला ठरवू द्या. माझ्या आईला माझे काहीच कळले नव्हते आणि दर रविवारी ती विचारायची, “मित्र झाले का रे?” त्या प्रश्नाचे उत्तर देणे मला दोरीपेक्षा अवघड जायचे. तुम्ही फक्त एवढे सांगा की माझा भाचा त्याच बॅरेकमध्ये आहे आणि त्याची खाट कोणत्या बाजूला आहे.

आजरेकर_आत्या

खिडकीकडून तिसरी. आज संध्याकाळी फोन करते.